न पोचलेला माणूस

माझा भाऊ कवी आहे हे मी लोकांना फार आनंदाने सांगत नाही. तो कॉलेजात शिकवतो, बोलतो छान, आणि त्याची एक कविता बरीच गाजली. त्या कवितेतला माणूस म्हणजे आमचे बाबा. दादा म्हणतो, ते नव्हेतच. आमचं भांडण तिथूनच सुरू होतं.

बाबा एका जुन्या इस्पितळात लिफ्टमन होते. खाकी कपडे, टोपी, कोपऱ्यात बसायला स्टूल. सगळं इस्पितळ त्यांना लिफ्टमामा म्हणायचं, मोठे डॉक्टरसुद्धा. लिफ्ट हातानं चालवायची, पितळी हँडलची. हँडल वेळेवर सोडलं नाही तर ती मजल्याच्या बोटभर वर नाहीतर खाली थांबते आणि स्ट्रेचरची चाकं त्या कडेवर आपटतात. पोटाला ताजे टाके असलेल्या माणसाला तो धक्का कसा लागतो, हे बाबांनी नोकरीच्या सुरुवातीलाच पाहिलं होतं आणि त्याचा धसकाच घेतला होता. "फरशीला फरशी भिडली पाहिजे," असं ते जेवतानासुद्धा हातवारे करून सांगायचे. आई म्हणायची, "आधी हात ताटाला भिडू द्या."

सगळ्यांत वरच्या मजल्यावर अत्यवस्थ पेशंट असत. तिथून कुणी एकटंच खाली यायला निघालं की बाबा चेहऱ्यावरूनच काय ते ओळखायचे. कुठला मजला, असं विचारायचे नाहीत. स्टूल दाराकडे वळवायचे, त्या माणसाकडे पाठ करून बसायचे आणि लिफ्ट अगदी सावकाश उतरवायचे. "वॉर्डात मोकळं रडता येत नाही, खाली नातेवाईक उभे असतात. मधे एवढीच काय ती जागा," ते म्हणायचे. यात आपण काही थोर करतो असं त्यांच्या गावीही नव्हतं. कामाचाच भाग होता तो.

दादाची कविता एका मासिकात आली, तिला बक्षीस मिळालं. कविता चांगली होती, हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर हसून सोडून दिली असती. त्यात लिफ्टचा पिंजरा होता, जाळीच्या दाराचा करकर आवाज होता, हँडलचा पितळी वास लागलेले तळवे होते, टोपीचा कपाळावर उमटलेला वळ होता, बाबांचा कोरडा खोकलासुद्धा होता. ओळी कागदावर लांब होत जायच्या, मग आखूड होत यायच्या, लिफ्ट चढावी-उतरावी तशा. आणि शेवटची ओळ होती: 'जन्मभर चढला, उतरला, पोचला मात्र कुठेच नाही.'

बाबांनी आधी फक्त दादाचं छापलेलं नाव वाचलं. ते वाचूनच त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग चष्मा लावून ओळींचा आकार न्याहाळला आणि म्हणाले, "चढउतार बरोबर जमलाय. ही मधली ओळ तेवढी फरशीला लागली नाही." आम्ही पोट धरून हसलो. दादाही हसला. शेवटच्या ओळीपर्यंत बाबा त्या दिवशी पोचले होते का, मला आजही माहीत नाही.

पुढचं सगळं लोकांच्या कौतुकानं झालं. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना वाचनाची आवड. आपल्या लिफ्टमनचा मुलगा कवी, या गोष्टीनं ते हरखून गेले. त्यांनी कविता सुरेख अक्षरांत लिहून घेतली, काचेची फ्रेम केली आणि लिफ्टमधेच लावली. बाबांच्या डोक्याच्या जरा वर. छोटा समारंभ झाला. बाबा नवी टोपी घालून फ्रेमखाली उभे राहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता लिफ्टमधे शिरणारा प्रत्येक माणूस कविता वाचायचा आणि मग बाबांकडे बघायचा. इतकी वर्षं बाबांकडे कुणी बघत नव्हतं, आणि त्यांना तेच सोयीचं होतं. एके दिवशी वरच्या मजल्यावरून एक बाई एकटीच उतरली. तिचा नवरा नुकताच गेला होता. बाबांनी सवयीनं पाठ केली. पण बाईनं डोळे पुसले, फ्रेम वाचली आणि म्हणाली, "काका, तुमचंही काही खरं नाही हो."

ही गोष्ट बाबांनी घरी येऊन सांगितली आणि जेवले नाहीत. "तिचा माणूस गेला, आणि ती माझी कीव करत उतरली," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्या आठवड्यात दादा घरी आला तेव्हा बाबांनी त्याला समोर बसवलं. "ह्या कवितेचा अर्थ मला नीट समजावून सांग."

दादाला काय, वर्ग मिळाला! प्रतिमा म्हणजे काय, प्रतीक म्हणजे काय, सगळं रंगून सांगितलं. "बाबा, लिफ्ट ही नुसती लिफ्ट नाही. माणसाची धडपड आहे ती. आपण सगळेच वर जातो, खाली येतो, आणि शेवटी होतो तिथेच असतो. वाचणाऱ्याला हे सरळ सांगितलं तर भिडत नाही. म्हणून पितळेचा वास, टोपीचा वळ. खऱ्या वस्तू दिल्या की खोटं वाटत नाही."

"म्हणजे तो मी आहे."

"नाही हो! तो कवितेतला माणूस आहे. तो कुणीही असेल."

"मग त्याला माझी टोपी कशाला घातलीस?"

मला वाटलं, आता तरी दादाच्या डोक्यात उजेड पडेल. पण तो मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "टोपीची ओळ बाबांना बरोबर लागली, बघितलंस?" त्याच्या आवाजात आनंद होता. हातात लाटणं होतं माझ्या. कसं आवरलं मलाच ठाऊक.

मी बाबांना म्हटलं, साहेबांना सांगून फ्रेम काढायला लावा. त्यांनी मान हलवली. "पोराचं नाव आहे गं तिच्यावर." फ्रेम राहिली, बाबांनीच लिफ्ट सोडली. फाटकावर बदली मागून घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत गाड्यांना आत-बाहेर सोडत उन्हात उभे राहिले. जेवताना फरशीची गोष्ट त्यांनी परत काढली नाही. मला त्यांची ती बडबड इतकी हवीशी वाटायची, पण विचारायचं धाडस झालं नाही.

शेवटच्या आजारपणात ते घरीच होते. दादा उशाशी बसायचा, खरंच बसायचा, ते नाकारणार नाही. एका दुपारी बाबांनी त्याचा हात धरला.

"एक मागू का रे?"

"काहीही मागा, बाबा."

"त्या कवितेत शेवटी अजून एक ओळ घाल. तो कुठल्यातरी मजल्यावर उतरला, एवढंच लिही. कुठला ते नको सांगूस."

मी दारात उभी होते, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. घाल म्हण रे, खोटं का होईना, घालतो म्हण.

"बाबा," तो रडवेला होऊन म्हणाला, "मग कविताच पडेल हो."

"असं का?" बाबांनी त्याच्या हातावर थोपटलं. "मग राहू दे. तुला त्यातलं कळतं."

त्यानंतर चार-सहा दिवसांतच ते गेले.

इस्पितळाच्या सभागृहात शोकसभा झाली. आया, वॉर्डबॉय, निवृत्त नर्स, सगळे आले होते. साहेबांच्या आग्रहावरून दादा कविता वाचायला उभा राहिला. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला, आणि मला वेड्यासारखी आशा वाटली. पण त्यानं छापली होती तशीच वाचली. सभागृहात हुंदके ऐकू येऊ लागले.

आई पहिल्या रांगेत होती. चार माणसांत ती जन्मात कधी बोलली नव्हती. खुर्चीला धरून ती उठली आणि लोकांकडे वळली.

"हे रोज संध्याकाळी घरी पोचायचे," ती म्हणाली. मग दादाकडे बोट केलं. "दार हाच उघडायचा."