स्पिरिटचा वास

आमच्या दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, पायाला भिंगरी आहे. लाकडी सामानाला पॉलिश करणारा माणूस. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापडाचा बोळा त्यात भिजवायचा आणि कपाटावर हात फिरवत राहायचं. जेवतानासुद्धा त्यांचं बोट ताटाच्या कडेवरून गोल फिरायचं. अशा माणसाला क्षय झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, घासकामाची धूळ नको, घरी बसा. घरी बसा म्हणे! वाऱ्याला सांगा खुर्चीत बस म्हणून.

ते बसले नाहीतच. घरातलं होतं नव्हतं ते लाकूड त्यांनी चकचकीत केलं, खिडक्यांच्या चौकटी, स्टूल, चपला ठेवायची फळीसुद्धा. क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. मग उलट्या सुरू झाल्या, अन्न समोर नकोसं झालं आणि डोळे पिवळे पडले.

दवाखान्यातल्या ब्रदरनं पहिलाच प्रश्न टाकला, "काका, पिता का?"

"सहा वर्षांत थेंब नाही."

त्यानं नाक जवळ आणलं. "मग हा वास कसला?"

"स्पिरिटचा. पॉलिशच्या."

"हो का," ब्रदर म्हणाला. एक ठेवून द्यावीशी वाटली मला. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि रक्त तपासायला घेतलं.

पण खरी धास्ती ताईची होती. दाजी एके काळचे अट्टल पिणारे. दारू सुटली तेव्हाच तिनं बजावलं होतं, पुन्हा प्यालात तर मी या घरात दिसणार नाही. आणि ताई बोलते ते करते. त्या संध्याकाळी तिनं त्यांचे हात हुंगले, मग शर्ट, मग पुन्हा हात. दुधानं तोंड पोळलेलं, ती ताकही फुंकून पिणारच.

"खरं सांगा."

"सांगितलं की. नाही प्यालो."

"डोळे पिवळे झालेत तुमचे."

"डोळे झालेत, जीभ नाही!"

ताईनं कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली. दाजी घरभर येरझाऱ्या घालायचे, दाराशी पोचले की पिशवीला वळसा घालून मागे फिरायचे. मी समजावायला मध्ये पडलो, तर दोघंही माझ्यावरच घसरले.

रिपोर्ट आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यांच्या रक्तात हेपॅटायटिस सी निघालाय. बरीच वर्षं लपून बसलेला दिसतो. लिव्हर आधीच दुखावलेलं, त्यात क्षयाच्या गोळ्यांचा भार. उगाच दारूवर खापर फोडू नका. त्या गोळ्या हळूहळू, एकेक करून पुन्हा सुरू करू. क्षय संपला की याचंही औषध देऊ. बरा होतो हा."

मी ताईकडे बघून मिशीत हसलो. ती मान खाली घालून बसली होती.

"हा रक्तातून रक्तात जातो," बाई म्हणाल्या. "कधी रक्त चढवलं होतं? बाहेर कुठं इंजेक्शन घेतलं होतं?"

"छे! इंजेक्शन कधीच नाही." दाजी इतक्या घाईनं बोलले की मी चमकलो. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर फिरायला लागलं होतं.

"खोटं बोलतायत हे," ताई म्हणाली. "दारू सोडवायला मीच नेलं होतं एका सुईवाल्याकडे. बाकावर पुरुषांची रांग आणि सगळ्यांना मिळून एकच सुई. गरम पाण्यात बुचकळायचा आणि पुढच्याच्या दंडात खुपसायचा. हे नको नको म्हणत होते. मी हात धरून बसवलं."

"अगं, पण सुटली ना दारू?" दाजी हळूच म्हणाले.

ताईनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस माणूस खरं बोलत होता तर हिला पटलं नाही, आणि खोटं बोलला तेही हिच्यासाठीच.

घरी येताच तिनं पिशवी रिकामी केली. दाजी उठायला लागले तशी म्हणाली, "तुम्ही बसा. आता मी फिरते." बाकावरच्या त्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायला हवं, असं बाईंनी बजावलं होतं. ताईला एकूण एक माणूस आठवत होता. पहिलं घर शिंप्याचं.

दार शिंपिणीनं उघडलं.

"वहिनी," ताई म्हणाली, "तो सुईवाला आठवतो?"

"न आठवून कसं चालेल?" शिंपिणीनं तिचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच तर पत्ता दिलात. आमचे हे माणसांत आले ते तुमच्यामुळे. या ना, आत या."

ताईला उंबरा ओलांडवेना.