आणखी एक दिवस

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी इंग्लंडमध्ये गिल्डफर्डपासून कँटरबरीपर्यंत नऊ दिवस चालले. भक्तिभावानं वगैरे नाही. रीडिंग शहरातल्या ज्या ऑफिसात एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, तिथून उन्हाळ्यात मला रिडंडन्सी देऊन कामावरून कमी केलं होतं. लेक दुसऱ्या शहरात शिकायला गेलेली, नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेर. नोकरीच्या वेबसाइट चाळून चाळून घर खायला उठलं, तेव्हा लायब्ररीत लावलेलं एका चर्चचं पत्रक पाहून मी नाव नोंदवलं. जुन्या यात्रेकरूंची वाट होती ती, टेकड्यांच्या कडेकडेनं जाणारी, आणि शेवटी कँटरबरीचं कथीड्रल.

आम्ही अकरा जण होतो. पहिल्या सकाळी चर्चच्या हॉलमध्ये एक पंचाहत्तरीचे गृहस्थ बुटांच्या नाड्या बांधत बसले होते. माझी आडवी कुंकवाची चिरी पाहून म्हणाले, "मराठी का?" मग त्यांनी आपलं नाव आडनावासकट सांगितलं, "जय भीम" म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मी "जय भीम काका" म्हटलं, पण मध्ये एक क्षण गेला. तो त्यांना दिसला हे मला कळलं. पुढे नऊ दिवसांत त्यांनी त्याचा विषय कधी काढला नाही.

काका मूळचे नागपूरचे, पन्नास वर्षं लंडनमध्ये एजवेअरला. आयुष्यभर बस चालवली. मी विचारलं, "काका, तुम्ही या ख्रिश्चन यात्रेत कसे?" तर म्हणाले, "मला देवाबिवाचं काही नाही बेटा. पण बुद्ध पण चालतच होते ना. मुलीनं नाव टाकलं, मी आलो."

खरं कारण तिसऱ्या दिवशी कळलं. काकूंना सहा वर्षांपासून डिमेन्शिया. काका एकटेच त्यांचं सगळं करत. मुलीनं कौन्सिलच्या मागे लागून आईची अकरा दिवस केअर होममध्ये सोय केली होती, बाबांना विश्रांती म्हणून. "सहा वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठून फक्त स्वतःचे दात घासून राहिलो," काका म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

आमच्याबरोबर रोज चालणारी तिसरी म्हणजे शाळेच्या किचनमधून रिटायर झालेली एक इंग्लिश बाई. तिच्या सॅकमध्ये सगळं असायचं: जखमेवर लावायच्या पट्ट्या, सेफ्टी पिना, उकडलेली अंडी. माझ्या टाचेचा फोड तिनं सुईनं फोडून बांधला. काकांना ती "डिअर" म्हणायची, काका तिला "मॅडम". चिखलात, मेंढ्यांच्या कुरणांतून, मोटरवेच्या घरघरीखालून आम्ही तिघं सगळ्यांच्या मागे चालायचो. काका इतके बोलायचे की दुपारपर्यंत त्यांचा घसा बसायचा. बोलायला मिळतंय म्हणून बोलत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या दिवशी ते गप्प झाले. आदल्या मुक्कामाच्या चिलहॅमहून कँटरबरी काही लांब नाही. सफरचंदाच्या बागांतून रस्ता होता, वर ढग दाटलेले. काका पावलोपावली थांबत होते. बुटात खडा गेला म्हणाले, मग पाणी प्यायचं म्हणाले, मग झाडाखाली पडलेली सफरचंदं पाहत उभे राहिले. शेवटच्या उतारावरून कथीड्रलचा मनोरा दिसला तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "एवढ्यात आलं?"

वाटेत मुक्कामामुक्कामाला शिक्के घेत आलेल्या आमच्या यात्रेच्या कार्डांवर कथीड्रलच्या दारात शेवटचा शिक्का बसला. एका पाद्र्यानं छोटी प्रार्थना म्हटली, फोटो निघाले, आणि दहा मिनिटांत सगळे पांगले. एवढं पटकन पांगतात माणसं! इंग्लिश बाईची बहीण गाडी घेऊन आली होती. बाईनं आम्हा दोघांना घट्ट मिठी मारली, "राइट देन" म्हणाली, आणि वळून न पाहता निघून गेली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. फोन नंबर घ्यायचा राहून गेला हे नंतर लक्षात आलं.

काका आणि मी समोरच्या कॅफेत चहा घेतला. त्यांनी खिशातून नकाशा काढून टेबलावर पसरला. "इथून समुद्र सात-आठ मैल आहे. व्हिटस्टेबल. सायकलवाल्यांचा रस्ता आहे, सपाट. थांबून जा ना एक दिवस. उद्या चालू, समुद्र पाहू, संध्याकाळी घरी. तिला परवा आणायची आहे."

मला घरी जायचं होतं. माझा टब, माझी गादी, गरम वरण-भात. एवढंच कारण होतं. पण ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हटलं, "काका, उद्या माझा इंटरव्ह्यू आहे."

"अरे वा!" त्यांनी लगेच नकाशाची घडी केली. "मग जा बेटा, जा. नोकरी आधी."

"पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

"हो, हो."

मी म्हटलं, चला, लंडनपर्यंत बरोबरच जाऊ. ते म्हणाले, तू पुढे हो, मी नंतरच्या ट्रेननं येतो. दारातून मी पाहिलं तर रिकामा कप हातात धरून ते खिडकीबाहेर पाहत होते. ट्रेनमध्ये बसल्यावर वाटलं की उतरावं, मागे जावं. उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, "इंटरव्ह्यू कसा झाला?" मी लिहिलं, "छान झाला." त्यांनी अंगठा पाठवला.

मग दोन महिने मी फोन केला की ते म्हणायचे, "तिला भरवून राहिलो, मग करतो." ते कधी करत नसत. शेवटी नोव्हेंबरात एका शनिवारी मी डबा घेऊन यात्रेत त्यांनी दिलेल्या पत्त्यावर एजवेअरला गेले. दार उघडलं तेव्हा क्षणभर वाटलं, घर चुकलं. काका खांद्यातून वाकले होते. दाढी वाढलेली, स्वेटरवर लापशीचे डाग.

काकू खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मला पाहताच त्या खुर्चीचे हात धरून ओरडल्या, "मला आंघोळ नाही घालायची! हिला जायला सांगा!"

"ती केअर होमची नाही गं. पाहुणी आहे," काका म्हणाले. पण काकू ऐकेनात. थरथरायला लागल्या. काका त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून त्यांचे तळवे चोळत राहिले, आणि मी डबा हातात धरून दारातच उभी राहिले.

थोड्या वेळानं ते माझ्याबरोबर पॅसेजमध्ये आले. मी म्हटलं, "काका, मी तेव्हा थांबायला हवं होतं."

"कधी?" त्यांनी विचारलं. खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, कोण जाणे. मग म्हणाले, "तू चांगली पोरगी आहेस. पण अशी अचानक नको येत जाऊ. नवीन माणूस पाहिलं की तिला तीन-तीन दिवस त्रास होतो."

आतून हाक आली. त्यांनी डबा घेतला आणि मी फाटकापर्यंत पोचायच्या आत दार लावून घेतलं. बस स्टॉपवर मी तीन बस सोडल्या.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचा मेसेज आला, इंग्लिशमध्ये. आईला कायमचं केअर होममध्ये ठेवलंय, बाबांना मी माझ्याकडे लेस्टरला आणलंय, आता त्यांच्यानं फारसं बाहेर पडवत नाही. तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये 'चालणारी मुलगी' असा सेव्ह केलेला आहे, तुमचं नाव काय?

मी नाव लिहून पाठवलं. काकांशी बोलता येईल का, असंही विचारलं. तिनं लिहिलं, विचारून सांगते.