स्वयंपाकघराच्या दाराची स्प्रिंग

आमच्या घरात बैठक आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दाराला स्प्रिंग मी बसवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. महाल भागातल्या एका दुकानातून ती मी आपण होऊन आणली, रविवारी सकाळी स्टुलावर चढून स्क्रू आवळले, दाराखालच्या फटीवर जुन्या सतरंजीची पट्टी ठोकली आणि आईला हाक मारून दाखवलं, बघ, ढकललं की आपोआप लागते. आई खूश झाली. दाराच्या पलीकडे कोळशाची शेगडी होती आणि शेगडीपुढे माझी वहिनी होती, हे तेव्हा ध्यानात आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. ध्यानात होतं.

साठच्या दशकाची अखेर होती. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती आणि त्या उन्हाळ्यात मी घरात कूलर आणला होता. सीताबर्डीवरून सायकलरिक्षात घालून, एका हातानं धरून आणलेला तो पत्र्याचा मोठा खोका बैठकीच्या खिडकीत बसवला तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले. वाळ्याचा वास, पाण्याचा टपटप आवाज आणि बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटेल असं ऊन. मी स्वतःला घरातला कर्ता पुरुष समजू लागलो ते त्या दिवसापासून.

त्या कूलरची टाकी भरायची वहिनी. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, स्वयंपाकघरातल्या पिंपातून बादलीनं पाणी आणून. गारवा घ्यायचे दादा, मी, आई आणि येणारेजाणारे. याचा मला आज जो संताप येतो त्याचा शंभरावा भागही तेव्हा आला नाही. उलट माझी तक्रार अशी होती की, कूलरची हवा बैठकीत थांबत नाही, सरळ स्वयंपाकघरात जाते. शेगडीच्या खोलीत गारवा वाया घालवायचा कशाला? हे वाक्य मी बोललो आहे. 'वाया' हाच शब्द वापरला होता.

म्हणून स्प्रिंग.

स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. छताजवळ हातभर झरोका होता, तो शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडायचा. चार दिवसांनी वहिनी पदरानं मान पुसत दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, दार जरासं उघडं राहू द्या ना. जीव घाबरून राहिला माझा."

"सारा गारवा तिकडं निघून जाते ना वहिनी. अन् तुमची शेगडी विझली म्हणजे?"

"शेगडीचं मी पाहून घेईन."

दादा दिवाणावर पेपर वाचत पडला होता. तो पेपरामागूनच म्हणाला, "तिले एक बर्फाची लादी आणून दे गा बसायले."

आम्ही सगळे हसलो. वहिनीही हसली. तिचे हात पिठाचे होते, म्हणून तिनं कोपरानं दार थोपवलं आणि ती आत गेली. दार तिच्या मागे आपोआप लागलं. माझी स्प्रिंग उत्तम काम देत होती.

पंधरा दिवसांनी अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांच्या नावानं काकाजी पितर म्हणून पाटावर बसायचे आणि त्यांच्या पंगतीला घरातले, नात्यातले पुरुष. पुरणपोळी, वडे, कढी, कुरडया, चिंचवणी, सगळं सोवळ्यात आणि सगळं मोठ्या सुनेच्या हातचं. तो तिचा मान. वहिनीनं तो दोन वर्षं मिरवला होता, आणि तिच्या हातचं पुरण खाऊन काकाजींनी बोटं चाटली होती. पितर जेवून उठल्याशिवाय रांधणारीनं तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. ही रीत कोणत्या पितरानं घालून दिली ते मला अजून कळलेलं नाही. माझे वडील तर पाणी पिणाऱ्या माणसाला कधी अडवणारे नव्हते.

ती पहाटे पाचला शेगडीपुढे बसली. पंगत बसली साडेबाराला. कूलर जोरात, दार बंद. काकाजींना पोळी तव्यावरची लागायची. एक संपली की ते दाराकडे बघून मोठ्यानं म्हणायचे, "पितराले थंडी पोळी वाढता का वं?" पंगत हसायची. मग दार ढकलून वहिनी यायची, वाढून परत जायची. दार लागायचं.

सहाव्या की सातव्या खेपेला ती खांद्यानं दार ढकलत आली. एका हातात पोळ्यांचं ताट, दुसऱ्यात तुपाची वाटी. दार पुरतं उघडलं नाही. स्प्रिंगनं ते मागे ओढलं, फळी तिच्या कोपरावर आदळली, तूप सांडलं आणि ती उंबऱ्यावर बसली. बसली आणि मग कलंडली. डोळे उघडे होते, पण आमच्याकडे नव्हते.

"अगं बाई, पितराचं ताट!" हा आईचा पहिला शब्द. काकाजींनी तुपाचा ओघळ येतो म्हणून पाय वर घेतले. आणि मी? मी आधी दाराखालच्या, तूप लागलेल्या सतरंजीच्या पट्टीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. कूलरच्या टाकीतून मगभर पाणी काढून मी तिच्या तोंडावर मारलं. ते पाणीही तिनंच भरलेलं होतं.

ती पाच मिनिटांत शुद्धीवर आली. पहिलं बोलली ते, "पोळी करपली असंल." काकाजींनी हात धुतले, सुपारी तोंडात टाकली आणि निकाल दिला, "सून नाजूक आहे गा तुमची."

झालं. चार चुली सांभाळणाऱ्या घरातून आलेली, पाण्याच्या भरल्या बादल्या दोन्ही हातांनी उचलणारी बाई त्या दिवसापासून आमच्या घरात नाजूक ठरली. पुढच्या अक्षय तृतीयेला पुरणाला मावशीला बोलावलं आणि वहिनीकडे कुरडया तळायचं काम आलं. कुणी पाहुणा विचारायचा, तर आई सांगायची, "तिले ऊन सोसत नाही." या सगळ्यात तिच्या बाजूनं एक शब्द कुणी काढला नाही. मीही नाही.

इथवरचा माझा गुन्हा अडाणीपणाचा म्हणता येईल. खरा गुन्हा पुढे आहे.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मावशी पुरण करून गेल्यावर आठ दिवसांनी, कूलर बिघडला. बैठकीत दमट, चिकट हवा कोंडायची, पापड सादळायचे, कपड्यांना वास यायचा. जरीपटका वस्तीतून एक कूलरवाला आणला. त्यानं कूलर उघडलाच नाही. खोलीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भैया, ये दरवाजा किस अकलमंद ने बंद किया? हवा अंदर आएगी, तो निकलने को भी तो जगह होना. खुला रखो, दोनों कमरे ठंडे रहेंगे."

"घरवाले करते हैं," मी म्हणालो.

म्हणजे दार उघडं असतं, तर बैठक जास्त गार झाली असती आणि स्वयंपाकघरही. वहिनीला डांबून आम्ही स्वतःसाठीसुद्धा काही मिळवलं नव्हतं. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि मी काय केलं? दुपारी घरात कुणी नाही असं पाहून स्प्रिंग काढली, खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि संध्याकाळी सांगितलं की स्प्रिंग तुटली. दार उघडं राहू लागलं. कूलर छान चालू लागला. आई म्हणाली, मेकॅनिक हुशार होता. 'नाजूक' हा शिक्का मात्र तसाच राहिला, आणि तो पुसायला एक वाक्य पुरलं असतं, ते माझ्याजवळ होतं. अकलमंद कोण ते घराला कळू नये म्हणून मी ते वाक्य अठरा वर्षं गिळून बसलो.

या अठरा वर्षांत शेगडी जाऊन गॅस आला, आई गेली, पुतणी मोठी झाली. मावशी थकली तशी दुसरी कोणी नातेवाईक पुरणाला येऊ लागली. वहिनी स्वतःच लोकांना सांगू लागली, "मले नाही सोसत बाई उन्हाचं." ते ऐकत मी जेवत राहायचो.

मग या वर्षीची अक्षय तृतीया. पुतणीचं लग्न ठरत आलेलं. ती पोळी वाढत होती. ऐंशीचे काकाजी पाटाऐवजी खुर्चीवर, तरी पितर तेच. दादा हसत म्हणाला, "काकाजी, पोरगी मायवर नाही गेली म्हणजे मिळवली. नाही तर सासरचे म्हणतील, नाजूक माल दिला."

पोरीचा हात ताटावर थांबला. मी भातात हात घालून बसलो होतो, तो तसाच उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. स्प्रिंग, सतरंजीची पट्टी, कूलरवाला, त्याला मी दिलेलं खोटं उत्तर, न तुटलेली स्प्रिंग. हवा कशी आत येते आणि तिला बाहेर जायला वाट का लागते, हेही मी बराच वेळ समजावत बसलो. दादा म्हणाला, "अरे, आता काहून उकरून राहिला हे? जेव ना." काकाजींना ऐकू आलं नाही. त्यांनी पोळी मागितली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"स्प्रिंग धड होती, मले माहीत हाय," ती म्हणाली. "खिळे शोधायला डबा उघडला होता मी, तेव्हाच दिसली."

"मग इतकी वर्षं बोलल्या काहून नाही?"

"बोलली होती ना भाऊजी. दार उघडं राहू द्या म्हणून."

हवेचं शास्त्र मी पंगतीला उगाच सांगत बसलो होतो. ते कळायची काही गरजच नव्हती. एक माणूस जीव घाबरतो म्हणून सांगत होतं, तेवढं पुरे होतं.

मी उष्टा हात तसाच धरून उंबऱ्यापाशी गेलो. तिच्या पायाशी वाकलो, तर ती मागे सरकली, "अगं बाई, हे काय!" म्हणाली. मी वाकलेलाच राहिलो आणि दादाला, पुतणीला, पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, तुम्ही नाजूक कधीच नव्हत्या. तुम्ही मागितलं ते मी ऐकलं होतं अन् हसलो होतो. माझं चुकलं. मले माफ करा."