आडवी डहाळी

जंगलातल्या वाटेला दोन फाटे फुटले की चुकीच्या फाट्यावर हिरवी डहाळी आडवी टाकायची, ही आमच्या भागातली जुनी रीत. लाकूडतोडे, मोह वेचणाऱ्या बाया, बांबूच्या गाड्या हाकणारे, सगळे ती पाळत. मागून येणारा डहाळी पाहतो आणि दुसऱ्या वाटेनं जातो. टोळीतला जो सगळ्यात शेवटी असेल त्यानं ती उचलून फेकायची, म्हणजे नंतर येणाऱ्या परक्याची फसगत होत नाही. एवढीच रीत. मी ती एका दुपारी दोनदा मोडली.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी साकोलीजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. आम्ही चौघे होतो, चौघांकडेही फटफट्या. पुढे असायचा तो लाकडाच्या ठेकेदाराचा पुतण्या, त्याच्याकडे बुलेट. दुसरा गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. तिसरा माझा बालमित्र, दिघोरीचा, शाळेत एका बाकावर बसलेला. आणि मी, सदा शेपटाला. धानाची कापणी उरकली, नाले आटले, की आम्ही डांबरी सडक सोडून साकोलीच्या उत्तरेकडच्या डोंगरांत शिरायचो आणि गाडीवाटांनी, पायवाटांनी तुमसरच्या अंगाला उतरायचो. का, ते विचारू नका. लग्नं व्हायची होती, अंगात रग होती, आणि त्या वाटांवर आमच्याशिवाय फटफटीचा आवाज नव्हता.

त्या वर्षीची खेप मित्रासाठी होती. जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार, म्हणून त्याचं नाव लागलं होतं. फक्त चालायची परीक्षा उरली होती, दिवसभर न थांबता चालून दाखवायची. तो तर अख्खं आयुष्य बांधावरून चाललेला. त्याच्या वडिलांना मी काकाजी म्हणायचो. सरपणाच्या एका मोळीसाठी जन्मभर नाकेदारापुढं हात जोडलेला माणूस. आता घरातच नाकेदार होणार म्हटल्यावर त्यांनी गावातल्या प्रत्येक ओसरीवर बसून ते सांगितलं होतं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘गुरुजी, तुमी शिकलेले. याच्या पायाले जपजा.’ मी हसलो होतो.

आता त्या रस्त्यांबद्दल. ठेकेदाराला तोडीसाठी जंगलाचा जो तुकडा देतात त्याला कूप म्हणतात. कुपापर्यंत बैलगाड्यांसाठी रुंद रस्ता काढतात, नाला आडवा आला की त्यावर ओंडके टाकून वर माती लोटतात. तोड संपली की रस्ता तसाच सोडून देतात. दोन पावसाळ्यांत ओंडके कुजतात, पण वरचा रस्ता मात्र छान रुंद दिसत राहतो. खरी चालती वाट त्याच्या बाजूला अरुंद, झुडपात लपलेली. म्हणून नवख्याचा पाय हमखास कुपाच्या रस्त्याकडे वळतो. ठेकेदाराच्या पुतण्याला सगळे कूप पाठ, म्हणून तो पुढे आणि डहाळ्या टाकायचं काम त्याचं. उचलायचं काम अर्थात माझं.

सकाळी पहिल्याच नाल्याच्या रेतीत मी पडलो. गाडी अंगावर आली नाही, पण रेतीत रुतून बसली. मित्रानं येऊन ती एका हिसक्यात उभी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘आमच्या गुरुजीची गाडी म्हंजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. दोरी धरून ओढल्याबिगर चालतच नाही.’ कंपाउंडर इतका हसला की त्याला खोकला लागला. मीही हसलो. मग दिवसभर तो लाकडी बैल माझ्या मागे लागला. थांबलो की कोणी तरी विचारायचं, दोरी कोणाकडे आहे. जेवताना मित्रानं आपल्या डब्यातलं पिठलं माझ्या भाकरीवर वाढलं आणि बैलाला चारा घातला असं म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं, आजही मला ते वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी प्रत्येक वेळी मी हसलो आणि प्रत्येक वेळी आत काहीतरी घट्ट होत गेलं. त्याला नोकरी, त्याला कौतुक, त्याला गाडी चालवायची जन्मजात कला, आणि मी त्याच्या मागची धूळ खाणारा.

चढ संपतो तिथल्या खिंडीत वाघदेवाचा दगड आहे. येणारा-जाणारा त्याच्यावर थोडा पाला वाहतो आणि पुढं जातो. आम्हीही वाहिला. पुढचे दोघे निघाले. मित्रानं पिशवीतून नारळ काढला. नोकरीचा नारळ, आईनं बांधून दिलेला. मला म्हणाला, ‘तू हो पुढं. मी एवढं फोडून येतो. अन् डहाळी मी उचलतो आज, तुले एक दिवस सुट्टी.’

म्हणजे मला माहीत होतं. तो मागे आहे, शेवटचा तो आहे, डहाळी त्याच्यासाठी आहे, सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःशी असा घोळ घालत आलो की सवयीनं हात गेला असेल.

उताराला लागून थोड्याच अंतरावर फाटा आला. डावीकडं कुपाचा रुंद रस्ता, त्यावर ऐनाची ताजी डहाळी आडवी. उजवीकडं वाट. मी गाडी थांबवली. मागं कान दिला, त्याच्या गाडीचा आवाज नव्हता. मी खाली उतरलो, डहाळी उचलली आणि झुडपामागं टाकली. मनात एवढंच होतं की तो जरा चुकेल, बंद कुपात जाऊन परत फिरेल, आणि आज शेवटी तो पोचेल. खाली गावाजवळच्या मोहाच्या झाडाखाली मी बसलेला असेन आणि त्याला विचारीन, दोरी कुठं विसरला म्हणून. वाक्यसुद्धा तयार होतं. नाल्यावरच्या ओंडक्यांचा विचार माझ्या मनात आला नाही. आला नाही की येऊ दिला नाही, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

मोहाखाली पोचलो तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. आज गुरुजी पुढं, बैलाला पाय फुटले वगैरे झालं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं आणि त्याचीच जास्त शिसारी येते. मग गप्पा संपल्या. ऊन उतरायला लागलं. कंपाउंडर उठून वाटेकडं पाहायला लागला. बुलेटवाल्यानं मला विचारलं, ‘डहाळी होती ना फाट्यावर?’ मी म्हणालो, ‘हाव. मी आलो तवा होती.’

हे पहिलं खोटं. त्यानंतर जे केलं ते मला अधिक छळतं.

त्याला शोधायला परत निघालो तेव्हा मी कधी नव्हे तो सगळ्यांच्या पुढं गाडी काढली. कसा चढ चढलो, कळलं नाही. फाट्यावर त्याच्या चाकाची ओळ मातीत स्पष्ट उठली होती, सरळ डावीकडं गेलेली. मी झुडपामागची डहाळी ओढून काढली आणि रस्त्यावर आडवी टाकली. मग डोक्यात आलं की तो हिच्यावरून गेला असता तर पानं चिरडली असती. म्हणून मी माझ्या गाडीचं पुढचं चाक तिच्यावरून फिरवलं आणि परत मागं घेतलं. तो तिकडं नाल्यात पडलेला असेल, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, आणि मला तेवढी अक्कल होती. बाकीचे पोचले तेव्हा मी डहाळीकडं बोट दाखवत उभा होतो. बुलेटवाल्यानं शिवी हासडली, दिसत नाही का बे याला. कंपाउंडर गाडीवरून उतरला. खाली वाकून त्यानं पानांकडं जरा वेळ पाहिलं, मग माझ्या चाकाकडं. मग सरळ उभा राहिला. त्यानंतर तो आमच्यासोबत कधी फिरला नाही.

मित्र नाल्यात सापडला. ओंडके खचून गाडीसकट खाली गेला होता. उजवा पाय गाडीखाली, गुडघ्याच्या खाली भलत्याच दिशेला वळलेला. शुद्धीवर होता. मला पाहून म्हणाला, ‘डहाळी नव्हती बे.’ मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणालो, ‘होती रे. तुले दिसली नसंन.’ गावातनं बाज आणून त्याला सडकेपर्यंत नेलं, तिथून लाकडाच्या ट्रकमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात. पाय वाचला, पण वाकडा जोडला गेला. चालायची परीक्षा त्याच्यावाचून झाली. त्याच्या जागी कोणीतरी लागलं.

काकाजी दवाखान्यात आले तेव्हा त्यांना बुलेटवाल्यानं सगळं सांगितलं, डहाळी होती, वरून चाक गेलेलं होतं, सगळं. काकाजी माझ्याकडं वळले. मी होकाराची मान हलवली. तेवढीच साक्ष. मग ते लेकाच्या खाटेपाशी जाऊन म्हणाले, ‘वाट अडवली होती तरी गेला. डोळे असून आंधळा.’ तेव्हापासून त्यांनी त्याला आंधळ्या म्हणायला सुरुवात केली. रागानं सुरू झालेलं, ते नावच होऊन बसलं. ओसरीवर बसलेल्यांसमोर आंधळ्या, मुलगी दाखवायला आलेल्यांसमोर आंधळ्या. ज्या ज्या घरी नाकेदारीची बातमी सांगितली होती, त्या त्या घरी जाऊन त्यांनी हीही गोष्ट सांगितली. गाव हसलं. आणि हळूहळू मित्रही कबूल करायला लागला. सुरुवातीला नव्हती म्हणायचा, मग आठवत नाही म्हणायला लागला, आणि शेवटी तोच लोकांना सांगायचा, ‘होती डहाळी, मीच नाही पाहली.’ मी समोर बसलेला असायचो. तो माझ्याकडं बघून हसायचा, साक्षीदाराकडं बघावं तसं.

पुढं त्यानं साकोलीला हमरस्त्याच्या कडेला फटफट्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. चालवायचा अजूनही आमच्यापेक्षा चांगली. ब्रेकवर ठेवण्यापुरता तो पाय चाले, पण किक मात्र त्याला मारता येत नसे. दुसऱ्या कोणी मारून द्यावी लागे. शाळेतनं येता-जाता मी थांबायचो आणि त्याच्या गाडीला किक मारून द्यायचो. वर्षानुवर्षं. लोकांना ती दोस्ती वाटे.

ऐंशीच्या दशकात, एका हिवाळ्यात, काकाजी गेले. मी दिघोरीला गेलो होतो. शेवटच्या दिवसांत बोलणं जवळजवळ बंद होतं म्हणे, तरी पाणी मागायचं झालं की त्याच नावानं हाक मारायचे. तेरवी झाली. मित्रानं पुन्हा दुकान उघडलं. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. नारळापासून चाकापर्यंत. तो कार्ब्युरेटर पुसत होता. पुसतच राहिला. मला वाटलं होतं पाना फेकून मारील, निदान पायाबद्दल काही बोलेल. पायाचं त्यानं नावही काढलं नाही.

‘बाबा होते तवा काहून नाही सांगतलं?’

त्यानं कार्ब्युरेटर खाली ठेवला.

‘चारक महिने आधी आला असता तरी झालं असतं. ऐकाले येत होतं त्यायले.’ त्यानं हात पुसले, कुबडी घेतली आणि बाहेर आला. ‘किक मार.’

मी किक मारली. तो पुढं बसला, मी मागं. गाडी थेट दिघोरीला थांबली. घरी काकी, त्याची आई, अंगणात धान वाळवत होत्या. तो गाडीवरून उतरला नाही. म्हणाला, ‘माय, गुरुजी काही सांगते, आयक.’

मी सांगितलं. आम्ही लहान होतो, चेष्टा होती, असं व्हावं असं वाटलं नव्हतं, असं बरंच काही लावून सांगितलं. काकी धानातच बसून होत्या. मग उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘चाल.’ मला वाटलं हाकलतात. पण त्या माझ्या पुढं चालायला लागल्या. शेजारच्या दिरांच्या ओसरीवर जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, ‘यायले सांगा.’ मी पुन्हा सांगितलं. तिथून पाटलाच्या घरी, तिथून तळ्याच्या पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्यांकडं, तिथून पिठाच्या चक्कीवर. काकाजींनी जिथं जिथं बसून लेकाला आंधळा म्हटलं होतं, त्या सगळ्या जागा त्यांना ठाऊक होत्या. दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘यायले सांगा.’

प्रत्येक घरी माझं सांगणं आखूड होत गेलं. आधी चेष्टा गळाली, मग वय गळालं, मग काय वाटलं होतं आणि काय नव्हतं तेही गळालं. शेवटच्या घरी एवढंच उरलं, की डहाळी मी उचलली, आणि त्याच्यावर आळ यावा म्हणून मीच परत टाकली. त्या घरातली म्हातारी सूप खाली ठेवून म्हणाली, ‘मंग बाप मेला त्याचा, त्याले कोन सांगन?’

परतलो तेव्हा मित्र तसाच गाडीवर बसलेला होता. काकी धानाकडं गेल्या आणि पायानं ते उलथू लागल्या. मी गाडीजवळ गेलो, किक मारली, आणि मागं बसायला पाय उचलला.

‘तू एसटीनं ये,’ तो म्हणाला, आणि थांब्याच्या बाजूला हनुवटीनं दाखवलं.

गाडी गेली. दुकानावर आता किक मारायला कोणीतरी दुसरं असतं. मी अजूनही त्याच रस्त्यानं शाळेत जातो. तो मान वर करत नाही, पण परवा दुकानात कोणी तरी नवखा त्याला पायाबद्दल विचारत होता, ते मला रस्त्यावरून ऐकू आलं. तो म्हणाला, ‘डहाळी नव्हती.’