वळणावरची बाभूळ

तमिळनाडूतल्या तिरुवैयारूच्या रस्त्याचा एक तुकडा देखभालीसाठी माझ्याकडे आहे. डांबर, खड्डे, मोऱ्या, आणि दोन्ही कडांचं गवतसुद्धा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत गवताविषयी मला कुणी एक ओळ शिकवली नाही. नोकरीत मात्र सगळ्यात जास्त डोकं त्याच्यापायीच फिरलं.

गेल्या वर्षी उन्हाळी पावसानं ते कमरेएवढं वाढलं. एका सकाळी एक शिक्षिका ऑफिसात आल्या. कोपर सोललेलं, हातात स्कूटरचा फुटका आरसा. "वळणावर बस दिसलीच नाही," त्या म्हणाल्या. "शेतात पडले म्हणून वाचले. कुणी मेल्यावर झाडं तोडणार का तुम्ही?"

त्याच दिवशी तिथे गेले. वळणाच्या आतल्या बाजूला वेडी बाभूळ माजली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. बरोबर आमच्या खात्यातली एक जुनी कामगार होती. मी तिला अक्का म्हणते. पुढच्या सरळ रस्त्यावर तिनं मला दंडाला धरून थांबवलं. डांबरापासून दहाएक पावलांवर, गवतात, लांडोर बसली होती. आम्हाला बघूनही हलली नाही.

"अंडी आहेत," अक्का कुजबुजली. "पुढे घोरपडीचं बीळपण आहे. शेतात सगळीकडे औषध मारलेलं. ही जातील कुठे?"

आम्ही दोघींनी चुन्यानं खुणा केल्या. वळणावरची बाभूळ मुळापासून काढायची. सरळ रस्त्यावर डांबरालगतचा अरुंद पट्टा तेवढा कापायचा, म्हणजे जनावर बाहेर आलं तर गाडीवाल्याला आधीच दिसेल. मागचं गवत पिल्लं निघेपर्यंत तसंच ठेवायचं. इतकं सोपं होतं.

हे सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, आपण रस्ता सांभाळतो की मोर? सगळं कापा, नाहीतर काहीच कापू नका. अर्ध्यामुर्ध्याचं मोजमाप कोण लिहिणार?"

"मी लिहीन, सार," म्हटलं, आणि सही होईपर्यंत उभी राहिले.

गवत कापायचं मशीन गुरुवारी यायचं ते मंगळवारीच आलं. मी ओरत्तनाडूला बैठकीत होते. अक्काचा फोन आला, "लवकर या, हा मशीनवाला ऐकत नाही." पोचले तेव्हा सरळ रस्त्याची कड शेताच्या बांधापर्यंत भादरून झाली होती. वळणावरची बाभूळ जशीच्या तशी. ऑपरेटर सावलीत चहा पीत होता.

"काट्यांनी टायर फुटतात, मॅडम. इकडचं बघा, कसं चकाचक केलंय."

"आणि चुन्याच्या खुणा?"

"त्या केबलवाल्यांच्या वाटल्या."

माझा कागद त्याच्या खिशात होता. इंग्रजीतला. मीच लिहिलेला. त्याला तो तमिळमध्ये वाचून दाखवायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही. गवताच्या चुऱ्यात अंड्यांची टरफलं पडली होती. लांडोर बांधावर येरझाऱ्या घालत होती. ऑपरेटरवर ओरडले, पण खरा राग माझ्यावरच होता.

दुसऱ्या सकाळी अक्का, आणखी दोघी आणि मी कोयते घेऊन बाभळीला भिडलो. दुपारपर्यंत हात ओरबाडून निघाले. पण वळण मोकळं झालं. त्या शिक्षिका स्कूटर थांबवून म्हणाल्या, "फार बरं केलंत. तिकडचंही साफ केलंत ते उत्तम, साप असतात." मी "हो" म्हटलं. ते "हो" अजून टोचतं.

घरी आईपुढे सगळं ओकले. ती म्हणाली, "जेव आधी. भांडायलाही अंगात बळ लागतं."

यंदा मी दोन वेगळे प्रस्ताव केले. वळणाचा लगेच मंजूर झाला. पिल्लं निघेपर्यंत गवत राखण्याचा तीनदा परत आला, प्रत्येक वेळी एकच शेरा: "कारण स्पष्ट करावे." आज चौथ्यांदा कारण लिहून पाठवलंय, या खेपेला तमिळमध्ये. वळणासाठी मशीन सोमवारी येणार म्हणतात. मी रविवारीच जाऊन उभी राहणार आहे.