सगळी लेकरं सारखी

"आणा इकडं," म्हणत सर जर्नलांवर मारायचा शिक्का उचलायचे. तो टेबलावर आदळला की गोदावरीच्या पुलाखालचे बगळे उडायचे. खोटं वाटत असेल तर कोपरगावात कुणालाही विचारा. बगळ्यांना विचारलंत तरी चालेल.

सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या लॅबचा असिस्टंट. सरांच्या विभागात एकाने जर्नल लिहायची, बाकीच्यांनी उतरवायची. "याला नक्कल म्हणत नाहीत, एकसारखेपणा म्हणतात," असं सर सांगायचे. एकदा मूळ जर्नलवर चहा सांडला, तर साठ जर्नलांत त्याच जागी डाग. परीक्षकांनी आकृती समजून मार्क दिले.

बेलापूरची एक मुलगी होती. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं आणि चूक दिसली तर दुरुस्त करावं असं सॉफ्टवेअर. अशाच एका नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका ती सहा महिने काढत होती. विद्यार्थ्यांनी उन्हाळाभर हेच काम करावं म्हणून ते सॉफ्टवेअर चालवणारी परदेशी मंडळी पैसे द्यायची. काय काम करणार ते तिने वीस पानांत लिहिलं आणि सरांना दाखवायची चूक केली.

"डॉलर देतात? मग एकटीच कशाला?" सर म्हणाले. आपली सही झाल्याशिवाय पाठवायचा नाही, असं बजावून त्यांनी तिचा अर्ज ठेवून घेतला. मला म्हणाले, "सगळ्या मशीनवर टाक."

मी टाकला. एकेचाळीस पोरांनी तोच पाठवला. एका मिशाळ गड्याने तर 'मी एक मुलगी असून' हेही तसंच ठेवलं. तिला सही मिळाली शेवटच्या दिवशी, सगळ्यांच्या मागून.

चोरीचा मजकूर म्हणून बेचाळीसच्या बेचाळीस अर्ज बाद. पण तिचं काम ओळखणाऱ्या तिथल्या एका बाईंनी सरांना मेल केला: मूळ मजकूर हिचाच, एवढं उद्यापर्यंत कळवा; हिला घेतो.

"सर, दोनच वळी लिव्हायच्या हायेत," ती दारातून म्हणाली.

"म्हणजे बाकीचे चोर, असं लिहून देऊ?"

"तुमाला ठावं हाय सर, म्या लिव्हलंय ते."

"मला सगळी लेकरं सारखी." सरांनी मेल पुसून टाकला.

ती माझ्याकडं वळली. "दादा, तुमी तरी सांगा."

माझी नोकरी दरवर्षी सरांच्या सहीने वाढायची. मी पंख्याचं बटण तपासायला उठलो. पंखा चालूच होता.

पुढच्या वर्षी सर प्राचार्य होऊन नगरला निघाले. निरोपाचं मानपत्र कुणी लिहायचं? "त्या बेलापूरच्या पोरीला सांग," सर म्हणाले, "भाषा चांगली आहे तिची." प्रॅक्टिकलचे मार्क अजून सरांकडंच होते. तिने लिहून दिलं. समारंभात मी ते वाचून दाखवलं. सरांचे डोळे इतके वाहिले की पहिल्या रांगेने पाय वर घेतले.

ते मानपत्र सरांच्या नव्या केबिनमध्ये काचेत लावलंय. परवा पाहून आलो. खाली लिहिणाऱ्याचं नाव आहे, ठळक अक्षरांत. माझं.