दाजींच्या फोटोत मुंडकी नसायची

जावयाला नावं ठेवायची नाहीत, हा नियम ज्याने काढला त्याला आमच्या घरचे अल्बम दाखवायला हवेत. माझं डोकं आजही तापतं. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, वडूजकडचे. नव्वदच्या सुमारास त्यांनी कॅमेरा घेतला आणि साताऱ्यात आमच्याकडे आले, की सगळ्यांना भिंतीला उभं करायचे. रोल धुऊन आला, की चपला इतक्या स्वच्छ, की त्यांचे टाके मोजावेत. निऱ्या, धोतराचे काठ, सगळं जागेवर. गळ्याच्या वर काही नाही. बारशाच्या फोटोत तर अख्खं खानदान शिरच्छेद करून पाळण्याभोवती उभं होतं. आणि आमचे वडील, उगवत्या सूर्यातही खोट काढणारा माणूस, तो फोटो बघून म्हणाले, "झकास!"

पुढे धाकटीचं लग्न ठरलं. फोटो मीच काढणार, असं दाजींनी जाहीर केलं आणि ठरवलेला फोटोग्राफर वडिलांनी परत पाठवला. धाकटी जेवेना. "सासरी काय माझे पाय दाखवू?" म्हणाली. मग इतकी वर्षं माना डोलावणारे सगळे माझ्याकडे आले. तू सांग म्हणे, पण गोडीत. अरे वा!

मी दाजींना अल्बमासकट गच्चीवर नेलं. आधी बेंदराचे, बैलांच्या सणाचे फोटो उघडले. बैल खुरापासून शिंगापर्यंत असा आलेला, की फोटोतून हंबरेल. मनापासून तारीफ केली. मग विचारलं, कॅमेरा डोळ्याला लावल्यावर आधी काय बघता?

"खूर," दाजी म्हणाले. लहानपणापासून वडिलांबरोबर बैलबाजार केलेला माणूस. जनावर पायापासून बघायचं, पाय पक्के दिसले की बटण दाबायचं. आडव्या कॅमेऱ्यात बैल मावायचा, उभा माणूस गळ्याशी संपायचा.

"दाजी, बैलाला तुमच्यावानी न्याय कुणी देत न्हाई," मी म्हणालो. "पण माणूस तोंडावरनं वळखायचा. आधी डोळं धरा. पाय ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या."

दाजींनी बारशाचा फोटो पुन्हा पाहिला.

"मग तुझा बा झकास कशापायी म्हणत हुता रं?"

माझ्यावर ते रागावले नाहीत. लागलं ते त्या गोड बोलण्याचं. समद्यांनी मला येडा समजून खेळवलं, एवढंच म्हणाले. आणि जावयाचा अपमान केला म्हणून वडिलांनी अबोला मात्र माझ्याशी धरला!

दाजींनी काढलेले लग्नाचे फोटो आले. धाकटीचं तोंड सबंध, मुंडावळ्यांसकट, पापणीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. तिने अल्बम छातीशी धरला तो सोडेना. वडिलांनी तो कसाबसा घेऊन चाळला आणि अगदी त्याच सुरात म्हणाले, "झकास!"

दाजींनी त्यांच्या हातातून अल्बम काढून माझ्या मांडीवर ठेवला. "तू बोल."

मी म्हणालो, नवरी लय गोड आलीय, नवरदेवाचं नाक तेवढं फ्लॅशनं चुन्यात बुडवल्यागत झालंय. वडील माझ्या अंगावर धावून आले. दाजी मात्र खाली वाकून ते नाक निरखत होते.